६१७४ : देवळालीच्या मास्तरांची संख्या

इसवी सन १६६०. पन्हाळ्याभोवती सिद्दी जौहरचा वेढा, आषाढातील ती पावसाची रात्र, विशाळगडाची वाट आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी दिलेली झुंज. पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या गावात हे साल कुणाला वेगळे शिकवावे लागत नाही. या धाग्यात मात्र त्या सालातील घटना क्षणभर बाजूला ठेवून त्याचे नुसते चार अंक हाती घ्यायचे आहेत : १, ६, ६ आणि ०.

हे अंक उतरत्या क्रमाने मांडले की ६६१० होतात आणि चढत्या क्रमाने मांडले की ०१६६. मोठ्यातून लहान वजा करावे, उरतात ६४४४. आलेल्या उत्तराच्या अंकांशी पुन्हा तेच करावे. ६४४४ उणे ४४४६, बाकी १९९८. ९९८१ उणे १८९९, बाकी ८०८२. ८८२० उणे ०२८८, बाकी ८५३२. ८५३२ उणे २३५८, बाकी ६१७४. येथून पुढे ७६४१ उणे १४६७ केले की पुन्हा ६१७४ येतात, आणि कितीही वेळा केले तरी तेच येत राहतात. वजाबाकी चालू असते, उत्तर मात्र जागचे हलत नाही.

पानिपताचे १७६१ घेऊन पाहावे. ७६११ उणे ११६७, बाकी ६४४४. म्हणजे पहिल्याच वजाबाकीत पानिपत पन्हाळ्याच्या वाटेला येऊन मिळाले. पुढचा रस्ता दोघांचा एकच, पाचव्या पायरीला ६१७४. राजर्षी शाहू महाराजांचे जन्मसाल १८७४ थोडा लांबचा फेरा घेते : ७२६३, ५२६५, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि सहाव्या पायरीला ६१७४. आणि शिवराज्याभिषेकाचे १६७४? ते एकाच पायरीत पोहोचते, कारण त्याचे अंकच १, ६, ७, ४ आहेत.

येथे अनेकांचे हात जोडले जातील. पण घाई नको. राज्याभिषेक झाला तो दिवस ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६. तोच सोहळा, तोच दिवस, फक्त कालगणना निराळी. आणि आता ९६५१ उणे १५६९ म्हणजे ८०८२, मग ८५३२, मग ६१७४, अशा तीन पायऱ्या लागतात. तेव्हा हा गुण घटनेचा खासच नव्हे. मग तो कुणाचा? त्या संख्येचा, की आपण ती ज्या रीतीने कागदावर उतरवतो त्या रीतीचा? एका मराठी शाळामास्तरांचे आयुष्यभराचे काम या प्रश्नाच्या दोन बाजूंमध्ये अडकून पडले होते.

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी डहाणू येथे झाला. आठ वर्षांचे असताना आई गेली. वडील कारकून होते. त्यांना फलज्योतिषाचा नाद होता आणि त्या निमित्ताने घरात आकडेमोड चाले. भविष्य खरे ठरो न ठरो, मुलाला आकड्यांची गोडी लागली ती तेथेच. शालेय शिक्षण ठाण्याला, पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. तेथे असताना १९२७ मध्ये स्वतंत्र गणिती कामासाठी दिले जाणारे रँग्लर परांजपे यांच्या नावाचे पारितोषिक त्यांना मिळाले. १९२९ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाली आणि पदव्यांचा प्रवास तेथेच थांबला. १९३० पासून १९६२ पर्यंत त्यांनी नाशिकजवळच्या देवळालीत शिक्षकाची नोकरी केली.

वर सांगितलेली वजाबाकी त्यांना सापडली ती १९४६ मध्ये. १९४९ च्या मद्रास येथील गणित परिषदेत त्यांनी ती मांडली. पुढे न्यूयॉर्कहून निघणाऱ्या ‘स्क्रिप्टा मॅथेमॅटिका’ या नियतकालिकात १९५३ मध्ये अंकांच्या उलटापालटीविषयीचा आणि १९५५ मध्ये खास ६१७४ या संख्येविषयीचा त्यांचा लेख छापून आला. आज या संख्येला जगभर ‘कापरेकर स्थिरांक’ म्हणतात.

शोध लागला त्या काळाकडेही जरा पाहावे. १९४६ मधला विद्यार्थी बाजारहिशेब करी तो रुपये-आणे-पैंत : बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. दशमान नाणी आली ती १ एप्रिल १९५७ रोजी. त्याही आधी, मराठेशाहीच्या कागदपत्रांत शुहूर सन लिहिला जाई तो बहुधा अरबी शब्दांत. इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा अशा शब्दांचे अंक उलटेसुलटे करणार कसे? रोमन लिपीतील संख्येचीही तीच गत. कापरेकरांची वजाबाकी सुचायला शून्य हवे, स्थानमूल्य हवे, आणि एक ते नऊ या अंकांना जागा बदलली की किंमत बदलण्याची मुभा हवी. ज्या भारतीय अंकलेखनपद्धतीचा आपण अभिमानाने उल्लेख करतो, तिच्याच पोटी जन्मलेली ही संख्या आहे.

शून्याचे महत्त्व किती, ते १००० या साध्या संख्येवरून कळते. १००० उणे ०००१, बाकी ०९९९. पुढचे शून्य जपले तर ९९९० उणे ०९९९ म्हणजे ८९९१, मग ८०८२, ८५३२, ६१७४. ते शून्य निरुपयोगी समजून टाकून दिले तर ९९९ उणे ९९९, आणि खेळ खलास.

आता यामागची युक्ती. चार अंक उतरत्या क्रमाने लावले असता पहिल्या व चौथ्या अंकांतील फरक आणि दुसऱ्या व तिसऱ्या अंकांतील फरक, एवढ्या दोनच गोष्टींवर वजाबाकीचे उत्तर ठरते. पहिल्या फरकाला ९९९ ने गुणावे, दुसऱ्याला ९० ने, आणि बेरीज करावी. १६६० मध्ये ६ उणे ० म्हणजे ६, आणि ६ उणे १ म्हणजे ५. १७६१ मध्ये ७ उणे १ म्हणजे ६, आणि ६ उणे १ म्हणजे ५. दोन्हीकडे ६ आणि ५. म्हणून दोघांचे उत्तर ५९९४ अधिक ४५०, म्हणजे ६४४४. पन्हाळा आणि पानिपत यांची गाठ पडली ती अशी.

यातून एक फार मोठी गोष्ट हाती येते. बाहेरचा फरक १ ते ९ यांपैकी असू शकतो आणि आतला फरक त्याहून मोठा असू शकत नाही. अशा जोड्या मोजल्या तर त्या फक्त ५४ भरतात. म्हणजे चार अंकी संख्या हजारो असल्या, तरी पहिल्या वजाबाकीनंतर त्या सगळ्या अवघ्या ५४ संख्यांत येऊन बसतात. त्या ५४ पुढे कुठे जातात एवढे तपासले की सिद्धता पूर्ण झाली. एक वही, एक पेन्सिल आणि एक निवांत दुपार पुरेशी आहे. तपासून जे निघते ते असे : चारही अंक सारखे असतील तर पदरी शून्य, अन्यथा कोणतीही संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ वर येते.

आणखी एक खूण सहज तपासता येते. मधल्या दोन अंकांत फरक असेल, तर उत्तराच्या पहिल्या व शेवटच्या अंकांची बेरीज १० आणि मधल्या दोहोंची ८ येते. ८५३२ मध्ये ८ आणि २, ५ आणि ३. ७२६३ मध्ये ७ आणि ३, २ आणि ६. खुद्द ६१७४ मध्ये ६ आणि ४, १ आणि ७. साहजिकच अशा प्रत्येक उत्तराच्या अंकांची बेरीज १८ असते. हा १८ चा आकडा लक्षात ठेवावा, तो पुन्हा भेटणार आहे.

हा सगळा झाला लिहिण्याच्या रीतीशी जखडलेला गुण. पण ६१७४ चे असेही काही गुण आहेत, जे ती मोडीत लिहा, रोमनमध्ये लिहा, किंवा ज्वारीचे तितके दाणे मोजून ढीग करा, बदलत नाहीत. तिचे मूळ अवयव पाडले तर एक २, दोन ३ आणि तीन ७ मिळतात : २ गुणिले ९ गुणिले ३४३. सातापेक्षा मोठा मूळ अवयव तिच्यात नाही. तिला निःशेष भागणाऱ्या संख्या २४ आहेत. स्वतः ६१७४ वगळून त्या सर्वांची बेरीज केली तर ९४२६ येते, म्हणजे मूळ संख्येहून जास्त. ग्रीकांच्या काळापासून चालत आलेल्या वर्गवारीत अशा संख्येला विपुल संख्या म्हणतात. बेरीज नेमकी तेवढीच आली असती तर ती परिपूर्ण ठरली असती, कमी आली असती तर न्यून.

तिच्या पोटातील ३४३ ला तर स्वतंत्र इतिहास आहे. १६५७ मध्ये, म्हणजे पन्हाळ्याच्या त्या रात्रीच्या तीनच वर्षे आधी, फ्रान्समधील पिएर द फर्मा याने इतर गणितज्ञांपुढे एक आव्हान टाकले : ज्याच्या सर्व विभाजकांची बेरीज पूर्ण वर्ग होईल असा घन शोधा. उदाहरण म्हणून त्याने ३४३ दिला होता. ३४३ हा सातचा घन. त्याचे विभाजक १, ७, ४९ आणि ३४३. बेरीज ४००, म्हणजे विसाचा वर्ग. फर्माला आणखी असे घन हवे होते. विशेष असे की या प्रश्नात अंक कसे लिहिले आहेत याला काडीचे महत्त्व नाही. युरोपातील गणितज्ञांना खरे, भारदस्त गणित वाटे ते हे.

कापरेकरांचे मन मात्र लिहिलेल्या अंकांत रमले. त्यांनी संख्यांच्या नव्या जाती पाडल्या आणि त्यांना नावे दिली ती आपल्या मातीतील. स्वतःच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भागली जाणारी संख्या ती ‘हर्षद’, आनंद देणारी. ६१७४ च्या अंकांची बेरीज १८. आणि १८ ने भागले असता बाकी न उरता येतात ३४३. फर्माचा घन येथे पुन्हा हजर होतो. ६१७४ हर्षद आहे. त्याहून मौजेचे असे की १८ चा घन ५८३२, वर्ग ३२४ आणि खुद्द १८ यांची बेरीज केली तरी ६१७४ च येते.

दुसरी जात ‘स्वयंभू’. एखाद्या संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवली की नवी संख्या जन्मते. जुनी ती जनक. ज्या संख्येला असा जनकच नाही ती स्वयंभू. देवस्थानांच्या कथांतून प्रत्येक मराठी घराला ठाऊक असलेला हा शब्द गणितात इतका चपखल बसेल, असे कुणाला वाटले नसते. २० स्वयंभू आहे, ३१ आहे, ४२ आहे. ६१७४ मात्र नाही : ६१५६ मध्ये त्याच्या अंकांची बेरीज १८ मिळवली की ६१७४ होतात. स्वयंभू संख्यांवरील कापरेकरांचे पुस्तक १९६३ मध्ये खासगीरीत्या छापले गेले.

तिसरी जात त्यांच्याच नावाने ओळखली जाते. ४५ चा वर्ग २०२५. त्याचे दोन तुकडे २० आणि २५. बेरीज पुन्हा ४५. अशी ती कापरेकर संख्या. येथे ६१७४ नापास होते. तिचा वर्ग ३८११८२७६ आणि दोन तुकड्यांची बेरीज १२०८७. म्हणजे कापरेकर स्थिरांक ही कापरेकर संख्या नाही. या दोन नावांची गल्लत अनेकदा होते, ती टाळावी. याखेरीज ‘डेम्लो’ संख्या आहेत, १११ चा वर्ग १२३२१ यासारख्या. त्यांचे नाव एका रेल्वे स्थानकावरून पडले. ते स्थानक आज डोंबिवली म्हणून ओळखले जाते.

या कामाकडे अनेक व्यावसायिक गणितज्ञांनी गांभीर्याने पाहिले नाही, आणि त्याला कारणे होती. केंब्रिजचे जी. एच. हार्डी, ज्यांनी रामानुजनांना जगासमोर आणले, त्यांनी १९४० मध्ये गणितज्ञाच्या जीवनाविषयी एक छोटे, गाजलेले पुस्तक लिहिले. कोणते गणित महत्त्वाचे आणि कोणते क्षुल्लक हे सांगताना क्षुल्लकाचे नमुने म्हणून त्यांनी नेमकी अंकांच्या खेळातील उदाहरणे निवडली. ८७१२ ही २१७८ ची चौपट आणि ९८०१ ही १०८९ ची नऊपट, म्हणजे दोन्ही आपल्याच उलट संख्येच्या पटीत. तसेच १५३, ३७०, ३७१ आणि ४०७ या आपल्या अंकांच्या घनांच्या बेरजेइतक्या. वर्तमानपत्रातील कोड्यांच्या सदरात या गोष्टी शोभतील, गणितज्ञाला त्यांत घेण्यासारखे काही नाही, असा हार्डींचा अभिप्राय होता. त्यातून पुढे काही निघत नाही, हा मुख्य आक्षेप.

कापरेकरांना ज्यांच्या नावाचे पारितोषिक मिळाले ते रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ मध्ये केंब्रिजला सीनिअर रँग्लर झाले होते. हार्डी १८९८ च्या परीक्षेत चौथे. त्या परीक्षेचा गुणानुक्रम बंद व्हावा म्हणून झगडणाऱ्यांत पुढे हार्डी होते. ज्या परंपरेने मराठी मुलुखाला ‘रँग्लर’ हा मानाचा शब्द दिला, तिच्यातील एक मोठा गणिती कापरेकरांच्या आवडत्या विषयाला क्षुल्लक ठरवून मोकळा झाला होता. आणि त्यानंतर सहा वर्षांनी देवळालीचे मास्तर ६१७४ पर्यंत पोहोचले. १९५३ च्या त्यांच्या लेखाचा विषय होता अंकांची उलटापालट. हार्डींनी नावे ठेवलेलाच.

हार्डींच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. ६१७४ हे दहाच्या पायाचे अपत्य आहे. माणसाच्या हातांना आठ बोटे असती आणि आपण आठाच्या पायाने मोजत असतो, तर याच संख्येला १४०३६ लिहिले असते आणि या वजाबाकीत तिला कुणी विचारले नसते. सातच्या पायात ती २४००० होते, तीन सातांची खूण तीन शून्यांतून मिरवणारी. सातच्या पायात मोजणाऱ्या लोकांना तीच तिची खरी ओळख वाटली असती.

परंतु ‘यातून पुढे काही निघत नाही’ हा भाग टिकला नाही. प्रश्न नीट विचारला की तो एका संख्येपुरता राहत नाही. दोन अंकांत काय होते? ९, ८१, ६३, २७, ४५ आणि पुन्हा ९ : मुक्काम नाही, नुसता फेरा. तीन अंकांत सगळे ४९५ वर येतात. पाच अंकांत मुक्काम नाही. ५३९५५ आणि ५९९९४ ही जोडी एकमेकांकडे टोलवाटोलवी करत राहते. सहा अंकांत स्थिर संख्या एकाहून अधिक आहेत, ५४९९४५ आणि ६३१७६४, त्यामुळे सर्वांचा एक मुक्काम उरत नाही. पाचाच्या पायात चार अंकी लेखन केले तर ३०३२ ही संख्या तेथील ६१७४ ठरते.

मग कोणकोणत्या पायांत असा चार अंकी स्थिरांक सापडतो? १९७८ मध्ये या प्रश्नाचे पूर्ण उत्तर एका शोधनिबंधात आले, आणि त्यावर प्रिचेट यांच्यासोबत नाव होते हेल्मुट हासे यांचे. हासे हे विसाव्या शतकातील जर्मन संख्या सिद्धांतातील अग्रगण्य नाव. (संख्या सिद्धांत म्हणजे अंकशास्त्र नव्हे, गाडीचा नंबर शुभ की अशुभ हे सांगणाऱ्यांचा उद्योग वेगळा.) १९८१ मध्ये प्रिचेट, लडिंग्टन आणि लापेन्टा यांनी दशमान पद्धतीचा हिशेब पुरा केला. दहाच्या पायात सर्वांना आपल्याकडे खेचणारे स्थिरांक दोनच : तीन अंकांत ४९५ आणि चार अंकांत ६१७४. त्याहून मोठ्या कोणत्याही अंकसंख्येत तिसरा नाही.

हार्डींच्या आठवणीतील एक संख्याही येथे सांगण्याजोगी. आजारी रामानुजनांना भेटायला ते ज्या टॅक्सीने गेले तिचा क्रमांक १७२९. दोन घनांची बेरीज म्हणून दोन प्रकारे लिहिता येणारी ती सर्वांत लहान संख्या, हे रामानुजनांचे उत्तर प्रसिद्धच आहे. पण १७२९ च्या अंकांची बेरीज १९ आहे आणि १९ गुणिले ९१ म्हणजे १७२९. ती हर्षद आहे, आणि भागाकार आला तोही १९ ची उलट. अंकांची बेरीज आणि त्या बेरजेची उलट यांचा गुणाकार पुन्हा तीच संख्या देतो, असे फक्त चार ठिकाणी घडते : १, ८१, १४५८ आणि १७२९. हार्डींना निरस वाटलेल्या त्या क्रमांकात कापरेकरांच्या जातीची खूण होती.

कीर्ती आली ती उशिरा. मार्टिन गार्डनर यांनी मार्च १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’मधील आपल्या गणिती खेळांच्या सदरात कापरेकरांविषयी लिहिले आणि देवळालीचे नाव जगभरच्या वाचकांपर्यंत गेले. तेव्हा कापरेकर सत्तर वर्षांचे होते. पत्नी १९६६ मध्ये निवर्तल्या होत्या. निवृत्तिवेतन पुरत नसे म्हणून ते गणित आणि विज्ञानाच्या शिकवण्या घेत. हर्षद संख्यांवर १९७७ मध्ये आयव्हन निव्हन यांनी एका परिषदेत व्याख्यान दिले, आणि इंग्रजी ग्रंथांत त्यांना ‘निव्हन संख्या’ हे दुसरे नाव चिकटले. दोन्ही नावे आजही चालतात. मराठीत लिहिणाऱ्याने तरी पहिलेच वापरावे.

कापरेकर १९८६ मध्ये देवळालीतच वारले. त्यांच्या जन्मसालावर त्यांचीच वजाबाकी चालवून पाहिली तर १९०५ पासून ९३५१, ८१७२, ७४४३, ३९९६, ६२६४, ४१७६ आणि ६१७४ अशा पूर्ण सात पायऱ्या लागतात, याहून लांब वाट या नियमात नाही. मद्रासच्या परिषदेचे १९४९ देखील सातच पायऱ्या घेते. मृत्यूचे १९८६ पहिल्याच वजाबाकीत ८१७२ वर येते, जेथे जन्मसाल दुसऱ्या पायरीला आले होते. तेथून पुढची वाट दोघांची एकच आहे.